सात डिग्री

माणसांत एक जात अशी असते की तिला वस्तूपेक्षा वस्तूचं पथ्य प्यारं. टीव्ही बिघडला तरी चालेल, रिमोटवरचं प्लॅस्टिक निघता कामा नये. नव्या सोफ्यावर जुनी चादर, जुन्या चादरीवर वर्तमानपत्र आणि त्या वर्तमानपत्रावर पाहुणा. ही मंडळी औषध घेतीलच असं नाही, पण औषधाच्या खोक्यातला तो मुंगीच्या अक्षरातला कागद मात्र भिंग लावून शेवटपर्यंत वाचतात. आमचे भाऊ त्याच जातीचे. फरक इतकाच की त्यांचं पथ्य थेट जर्मनीहून आलं आणि ते चार टायरना लागू झालं.

आख्खा डबा त्यांना ‘सात डिग्री’ म्हणतो. तोंडावर भाऊ, पाठीमागे सात डिग्री. आम्ही दोघं एकाच गावचे, वैतरणा स्टेशनापासून स्कूटरने दहा मिनिटांवर. सकाळची डहाणू लोकल पकडून बोईसरला उतरायचं, तिथून रिक्षाने तारापूर एमआयडीसी, आणि संध्याकाळी तेच उलट. भाऊ एका कापड कारखान्यात स्टोअर सांभाळतात. स्टोअरकीपर माणूस हा मुळातच संशयी. सुटा भाग आला की त्याची तारीख बघणार, बॅच बघणार, खोक्याला पोचा पडलाय का बघणार, मग सही करणार. तो स्वभाव निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना घरी नेला आणि अंगणात उभ्या असलेल्या ऑडी टीटीवर सोडला, म्हणजे भाऊ तयार होतात.

वैतरण्यात ऑडी टीटी कुठून आली, हा प्रश्न रास्त आहे. विरार सुटलं की इमारती एकदम संपतात, खाजण आणि भातखाचरं सुरू होतात आणि वैतरणा स्टेशन येतं. पुढे नदी. नदीवर ब्याण्णव आणि त्र्याण्णव नंबरचे दोन रेल्वेपूल, मधे वाढीव बेट. इथे रेल्वेला पूल आहे, मोटारीला नाही. पलीकडचं सफाळे म्हणजे पुढचंच स्टेशन, पण गाडी काढलीत तर आधी हायवे गाठा, वर वरई फाट्यापर्यंत जा आणि मग आत वळून परत खाली या. वाढीवच्या लोकांना तर तेवढाही रस्ता नाही, वर्षानुवर्षं ते पुलावरून चालत स्टेशन गाठत आले. अशा गावात दोन दरवाज्यांची, जमिनीला पोट लावून बसणारी स्पोर्ट्स कार घेणं हा व्यवहार नव्हे, ती इच्छाशक्ती आहे.

झालं असं की बुलेट ट्रेन भाऊंच्या शेताच्या एका कोपऱ्यावरून जायची ठरली. आमच्या पालघर जिल्ह्यात मोबदल्याचा पैसा आला की पुढचा क्रम ठरलेला: आधी बंगल्याचा पाया, मग स्कॉर्पिओ, मग भाऊबंदकीचा दावा. भाऊंनी तिन्ही टाळलं. त्यांच्या डोक्यात एक जुनं कुसळ होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सान स्टॉर्म’ नावाची एक गाडी बनायची. फायबरची, दोनच माणसांची, उघड्या टपाची, इंजिन रेनॉचं, ताकद साठेक अश्वशक्ती. भाऊंनी ती कंपनीच्या सहलीत पणजीच्या रस्त्यावर पाहिली आणि त्या संध्याकाळी बाकीचे फेणीवर बसले असताना हे एकटे पार्किंगमध्ये तिच्याभोवती फिरत होते. तेव्हा पगार बजाज स्कूटरच्या हप्त्यांत जात होता. मोबदला हाती येईपर्यंत सान स्टॉर्म इतिहासजमा झाली, म्हणून मुंबईतल्या कुणा हौशी माणसाने विकायला काढलेली टीटी आली. वहिनी म्हणाल्या, “ताशी तीनशे वीसने धावणाऱ्या गाडीला जमीन दिली, त्या पैशातून गाडी घेतली, आणि कामाला जातात लोकलने.” हे वाक्य भाऊंना टोमणा वाटत नाही. ते म्हणतात, “टायरवर वाय लिहिलंय, वाय म्हणजे तीनशे. बुलेटपेक्षा वीसच कमी.”

गाडी आल्यावर पहिली दोन वर्षं भाऊ इतर मालकांसारखेच होते. रविवारी पुसायची, शिरसाड फाट्यापर्यंत न्यायची, वडापाव खाऊन परत आणायची. मग लेक-जावयाकडे स्टुटगार्टला जाणं झालं आणि सगळं बिनसलं.

माणूस जर्मनीला गेला की कुणी किल्ले बघतं, कुणी पोर्शेचं म्युझियम. भाऊंनी टायर बघितले. ऑक्टोबर महिना होता. एका सकाळी जावई म्हणाले, “बाबा, आज टायर बदलायचा दिवस.” भाऊ समजले पंक्चर झालंय. गॅरेजवर गेले तर गाड्यांची रांग. प्रत्येकाचे चारच्या चार धडधाकट टायर निघतायत आणि दुसरे चार चढतायत, आणि निघालेले टायर धुऊन, पुसून, चिठ्ठी लावून मांडणीत ठेवले जातायत. तिथे याला टायर हॉटेल म्हणतात. सहा महिने टायर मुक्कामाला राहतात, त्याचं भाडं मालक भरतो. भाऊंचे डोळे पाणावले असावेत असा माझा अंदाज आहे. आयुष्यभर स्टोअर सांभाळलेल्या माणसाला पृथ्वीवर आपली माणसं सापडली.

तिथला नियम पाठ म्हणायला सोपा: ओ ते ओ, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न. ओस्टर्न म्हणजे ईस्टर. कायद्यात ठरावीक तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, गोठलेलं पाणी, बर्फाळ चिखल असेल तर हिवाळी टायर हवेत, नसतील तर साठ युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. ऑक्टोबर २०२४पासून तर टायरवर डोंगर आणि त्यात हिमाचं फूल अशी खूणच लागते. भाऊ परतल्यावर पहिल्याच सोमवारी डब्यात हे सगळं ऐकवलं आणि भारतीय आवृत्तीही जाहीर केली: “आपल्याकडे दिवाळी ते होळी.”

“काय दिवाळी ते होळी?”

“गाडी बाहेर काढायची नाही.”

हिवाळी टायर भारतात घ्यायचे तर काश्मीर-लडाखकडे विचारावं लागतं, तेही टीटीच्या मापात मिळायचे नाहीत. तेव्हा उन्हाळी टायर ज्या ऋतूत चालत नाहीत त्या ऋतूत गाडीच चालवायची नाही, हा त्यांनी काढलेला मार्ग. पावसाळ्यात आमच्याकडे रस्ता नावाची वस्तू उरत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर गाडी अशीही बंदच. उरले किती महिने ते तुम्हीच मोजा.

इथे भाऊंची बाजू मांडायला हवी, कारण शास्त्र त्यांचं पक्कं आहे. टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम एका पंजाएवढा. तेवढ्या जागेत रबर खडीच्या खाचाखोचांत दबून शिरतं, म्हणून गाडी वळते आणि थांबते. रबर थंड होत गेलं की कडक होतं, शिरत नाही, वरच्यावर घसरतं. प्रत्येक मिश्रणाचं एक तापमान असतं आणि त्याच्या खाली रबराचा रबरपणा संपतो, ते काचेच्या वळणावर जातं. स्पोर्ट्स कारचे उन्हाळी टायर तापल्या डांबराला चिकटून बसावेत अशा मिश्रणाचे. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहणारं, आणि त्याच्या अंगावर बर्फाला पकडणाऱ्या बारीक चिरा असतात. सात अंश हा कुणा एका प्रयोगशाळेने काळ्या दगडावर कोरलेला आकडा नव्हे. टायरवाल्यांनी रूढ केलेला ठोकताळा आहे. पण त्याच्या खाली उन्हाळी टायरची पकड झपाट्याने उतरते हे खरं, आणि शून्याच्या खाली सात अंशांच्या आसपास तर गाडी नुसती हलवली तरी रबराला तडा जाऊ शकतो, असा इशारा कंपन्या स्वतःच देतात. यातलं एक अक्षरही खोटं नाही. अडचण एवढीच की हे सगळं स्टुटगार्टमध्ये खरं आहे आणि भाऊ वैतरण्यात राहतात.

आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा पंधरा-सोळावर आला की बायाबापड्या शेकोटी पेटवतात, शाळेतली पोरं माकडटोप्या घालतात आणि सफाळे-केळव्याच्या वाड्यांत उकडहंडीचे बेत ठरतात. त्याच पहाटे भाऊ अंगणात चार टायरना गोधड्यांचं पांघरूण घालत असतात. शब्दशः गोधड्या. त्यातली एक वहिनींच्या आईच्या हातची, हिरव्या लुगड्याची. “माझे गुडघे धरतात तेव्हा मला शाल शोधून द्यायला कुणी नसतं,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी ती गोधडी ओढून घेतली. तेव्हापासून मागच्या डाव्या टायरवर बारदान आहे.

डब्यातल्या लोकांनी आधी चर्चा केली, मग चेष्टा. वाढीवचा एक जण सरळ म्हणाला, “आमच्याकडे रस्ताच नाय, तर टायर कुठला?” या प्रश्नावर भाऊ क्षणभर थांबले आणि त्याच्याकडे असूयेने बघून म्हणाले, “तुमचं बरं आहे.” पण चेष्टेने तत्त्वज्ञ हटत नसतो. भाऊंनी प्रात्यक्षिक करायचं ठरवलं.

त्याचं मूळ फाइनमनमध्ये. १९८६च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्यावर ७३ सेकंदांत नष्ट झालं. आदल्या रात्री कडाक्याची थंडी पडलेली, आणि त्या थंडीत यानाच्या सांध्यातली रबरी कडी ताठरली होती. चौकशीत शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागवला, रबराचा तुकडा चिमट्यात धरून त्यात बुडवला आणि सगळ्यांसमोर दाखवलं की थंड झालेलं रबर दाबलं तर पटकन मूळ जागी येत नाही. भाऊंना हा प्रसंग कीर्तनकाराला ध्रुवबाळाचा असतो तसा पाठ आहे. पण परतीच्या लोकलमध्ये बर्फाचं पाणी आणायचं कुठून?

पालघरला सातपाटीची एक मावशी थर्माकोलचं खोकं घेऊन दारापाशी चढली. विरारच्या संध्याकाळच्या बाजाराला निघालेली, खोक्यात पापलेट आणि बर्फाचा चुरा. भाऊंनी खिशातून टायरच्या रबराचा बोटभर तुकडा काढला. हा त्यांनी कुठून मिळवला हे मी विचारलं नाही. अत्यंत आदबीने मावशींना म्हणाले, “मावशी, एवढं दोन स्टेशनं तुमच्या बर्फात राहू द्या. शास्त्राचं काम आहे.” तिने नवऱ्याच्या गोळ्या असाव्यात अशा समजुतीने होकार दिला. केळवे रोड गेलं, सफाळे गेलं. पुलावर गाडी खडखडत असताना भाऊंनी तुकडा बाहेर काढून सगळ्यांपुढे वाकवला. खरंच, तो मघाइतका वाकत नव्हता. डबा गप्प झाला. तुकडा पुन्हा बर्फात जाणार इतक्यात मावशीने वास घेतला.

“ए भाऊ, आधी तुजा रबर काढ. मला पापलेट इकायचाय, टायर नाय.”

“पण मावशी, बघा ना, कडक झाला.”

“होनारच. बर्फात ठेवलाय.”

एवढ्या थोडक्यात भौतिकशास्त्र मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही. पण भाऊंच्या लेखी हा त्यांच्या बाजूचा साक्षीदार ठरला.

पुढचा टप्पा मोजणीचा. करोनाच्या दिवसांत कंपनीच्या गेटवर येणाऱ्याच्या कपाळाला दाखवायचं ते पिस्तूल आठवत असेल. साथ ओसरल्यावर अशी तीन पिस्तुलं भाऊंच्याच स्टोअरमध्ये जमा झाली होती. त्यातलं एक रीतसर नोंद करून त्यांनी घरी आणलं आणि रोज पहाटे टायरवर रोखू लागले. पडद्यावर अक्षरं यायची: ‘लो’. डिसेंबरात लो, जानेवारीत लो. वहीत तारीखवार नोंद, प्रत्येक तारखेपुढे लो. ती वही घेऊन ते डब्यात आले तेव्हा चेहऱ्यावर निकाल लागल्याचं समाधान होतं.

आमच्यात एक इन्स्ट्रुमेंटेशनचा पोरगा आहे, एमआयडीसीतल्या रसायनाच्या कारखान्यात. त्याने वही चाळली, शांतपणे मिटली आणि म्हणाला, “भाऊ, हे माणसाचा ताप बघायचं यंत्र. बत्तीसच्या खाली काहीही दाखवा, ते लोच म्हणणार. याला तुमचा टायर थंड नाही वाटत, मेलेला माणूस वाटतोय.”

दुसरा कुणी खचला असता. भाऊंनी त्याच आठवड्यात कारखान्यात वापरतात तसं खरं इन्फ्रारेड यंत्र मागवलं. आकडा आला एकोणीस. “यंत्र नवं आहे,” भाऊ म्हणाले, “रुळायला वेळ लागेल.”

आता सातचा आकडा गाठायचा तर इतिहासात जाणं आलं. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेने आजवर नोंदवलेलं सगळ्यात कमी तापमान २२ जानेवारी १९६२चं, ७.४ अंश. हा आकडा सापडला त्या दिवशी भाऊंनी मला रात्री साडेदहाला फोन केला. मी म्हटलं, “बघा, साठ वर्षांत एकदा, आणि तेही सातच्या वरच.” पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग खोल आवाज: “पॉइंट चारने वाचलो रे.” त्या साली भाऊंचा जन्मही झाला नव्हता, टीटीची तर कल्पनाही कुणाच्या डोक्यात नव्हती. तरी त्या रात्री भाऊंना झोप लागली नाही.

विरारच्या एका टायरवाल्याकडेही मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. भाऊ म्हणाले, विंटर टायर दाखवा. काउंटरवरच्या पोराने एसी कमी-जास्त करायला सांगितलंय असं समजून रिमोट उचलला. मालक जाणता होता. म्हणाला, “साहेब, आपल्याकडे बाराही महिने उन्हाळीच टायर चालतात, फक्त तसं कुणी म्हणत नाही.” भाऊंनी त्याला सांगितलं की आपल्याच अपोलोने २००९ साली हॉलंडची फ्रेडेस्टाइन कंपनी घेतली, ती हिवाळी टायर करते, म्हणजे मालक भारतीय आणि टायर मिळत नाही भारतीयाला. मालकाने चहा मागवला. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की गिऱ्हाईक हातचं गेलंय, पण गोष्ट घरी सांगण्यासारखी मिळाली.

आणि मग खरी थंडी चालून आली, तीही लग्नपत्रिकेच्या रूपाने. भाऊंच्या मावसभावाच्या मुलाचं लग्न, जानेवारीत, निफाडला.

निफाड म्हणजे राज्याच्या थंडीचं माहेर. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहाच्या खाली उतरला की सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो. भाऊंनी पत्रिका वाचली ती मुहूर्तासाठी नाही. दिवाळी ते होळीचं व्रत त्यांनी त्या एका प्रवासापुरतं सोडलं. “गाडी नेतोय,” म्हणाले, “एकदा समोरासमोर होऊ दे.” वहिनी शहाण्या. त्या आदल्या दिवशी एसटीने गेल्या. मला शेजारच्या सीटवर बसवण्यात आलं, मांडीवर इन्फ्रारेड यंत्र.

मनोरहून आत वळून विक्रमगड, जव्हार, मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबक असा रस्ता. म्हणजे एका परीने आम्ही वैतरणेच्या मुखाकडून तिच्या उगमाकडे निघालो होतो, कारण नदी त्र्यंबकच्याच डोंगरात जन्मते. मी हे भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, “स्पीडब्रेकर बघ.” दोनशे पंचेचाळीस, चाळीस, आर अठरा असं त्या टायरचं माप. रुंदी २४५ मिलिमीटर, आणि उंची तिच्या चाळीस टक्के, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधे रबराची भिंत दहा सेंटिमीटरसुद्धा नाही. जव्हारकडच्या एकेका खड्ड्याची खोली त्याहून जास्त. प्रत्येक स्पीडब्रेकरवर भाऊ गाडी तिरकी करायचे, आधी एक चाक, मग दुसरं, मग पोटाखालून करर्र असा आवाज, मग भाऊंचा “आई गं”. दोनशेच्या वर अश्वशक्ती असलेल्या त्या गाडीला विक्रमगडजवळ एका सायकलवाल्याने मागे टाकलं आणि पुढे जाऊन थांबून आम्हाला काही मदत हवी का विचारलं. वाटेत जिथे जिथे थांबलो तिथे भाऊंनी उतरून चारही टायर मोजले. जव्हारला एकवीस. मोखाड्याला अठरा. घाट चढताना सोळा. आकडा खाली जाईल तसा त्यांचा चेहरा उजळत होता. दुसऱ्या कुणाच्या टायरचं तापमान उतरताना कुणाला इतका आनंद झाला असेल असं वाटत नाही, आणि हे तर स्वतःचेच टायर.

लग्नघरी रात्री वाऱ्याला धार होती. आजूबाजूच्या द्राक्षबागांत धुराच्या शेकोट्या पेटल्या होत्या. थंडी फार झाली की घडातले मणी तडकतात, म्हणून बागाईतदार रात्रभर जागतात, पहाटे पाणी सोडतात. भाऊंना हे कळल्यावर ते मुलीकडच्या मांडवातून उठून थेट एका बागेत गेले आणि त्या अनोळखी बागाईतदाराबरोबर रात्री एकपर्यंत बसले. तो मण्यांच्या तडकण्याबद्दल बोलत होता, भाऊ टायरच्या. दोघांचं उत्तम जमलं. सकाळी तो माणूस मला म्हणाला, “तुमच्या भावांची बाग केवढी आहे?”

पहाटे साडेपाचला मला हलवून उठवलं गेलं. बाहेर धुकं. भाऊंनी कानटोपीवरून मफलर बांधला होता, हातात यंत्र. मागच्या उजव्या टायरवर नेम धरला. पाच पूर्णांक आठ. त्यांनी पुन्हा धरला. पाच पूर्णांक आठ. “आलो,” ते म्हणाले. कुठे आलो ते मी विचारलं नाही.

गाडी काढली. लासलगावच्या बाजूचा रस्ता, दोन्हीकडे बागा, पुढे कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे निघालेले. वेग वीस. एका वळणावर भाऊंनी हलकेच ब्रेक लावला आणि गाडीचं मागचं अंग खरोखर हातभर बाजूला सरकलं. मी दार घट्ट धरलं. भाऊंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळले. मुलगी पहिली आली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते, तेव्हाही चेहरा असा नव्हता.

“सरकली.”

“सरकली,” मी म्हटलं.

“पाच पॉइंट आठ.”

मी उतरून मागे गेलो. वळणावर ट्रॉलीतून सांडलेला लाल कांदा पडला होता, चांगला पायलीभर, आणि आमच्या आधी गेलेल्या ट्रॅक्टरांनी त्याचा रस्त्यावर रस करून ठेवला होता. आमच्या टायरच्या खुणा त्या रसातून सरळ जात होत्या. मी एक चिरडलेला कांदा उचलून भाऊंना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ निरखला.

“कांदा हे निमित्त,” भाऊ म्हणाले. “कारण तापमान.”

परतीला दुपारी नाशिकच्या बाहेर टायर बसला. तोच, मागचा उजवा. खिळा. या गाडीला स्टेपनी नसते. एक बाटली असते, तिच्यातला फेस भरायचा आणि गॅरेज गाठायचं. बाटलीवरची तारीख केव्हाच उलटून गेलेली. मी पायी जाऊन पंक्चरवाल्याला घेऊन आलो. साठीचा माणूस, शर्टाला जुन्या ट्यूबसारखा रंग. त्याने खिळा उपटला, भोकात दोरी घुसवायला टोच्या लावला, जोर केला, घाम पुसला. मग टायरच्या कडेवर थुंकी लावून अंगठा फिरवला आणि तिथली चार अंकी खूण वाचली.

“एक चार, एक पाच. शेठ, हा २०१५चा माल आहे. चौदावा आठवडा.”

“असेल,” भाऊ म्हणाले. “पण थंडीत कडक होतो.”

पंक्चरवाल्याने वर बघितलं. दुपारचे दोन वाजले होते, ऊन मी म्हणत होतं. त्याने अंगठ्याचं नख टायरवर दाबलं. नख वाकलं.

“आत्ता कुठे थंडी आहे? दगड झालाय. चारही बदला, नाहीतर पावसात हायवेला चक्कर खाल.”

भाऊ काही बोलले नाहीत. त्र्यंबकपर्यंत नाही, जव्हारपर्यंत नाही. मला वाईट वाटू लागलं. मी म्हटलं, भाऊ, चहा घेऊ. चहा घेतला, तोही मुकाट. यंत्र मागच्या सीटवर पडलं होतं. मला वाटलं आता गोधड्या कपाटात जातील, गाडी विकायची जाहिरात येईल आणि डब्याला नवं नाव शोधावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनबाहेर स्कूटर लावून वळतो तो माझ्या मागच्या चाकापाशी कुणीतरी उकिडवं बसलेलं. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या हातात औषधाच्या कागदांसाठी ठेवलेलं भिंग. त्यांच्या मागे रिक्षांची रांग होती आणि पहिल्या तीन रिक्षांच्या टायरवर खडूने आकडे लिहून झालेले होते. रिक्षावाले कौतुकाने बघत होते. त्यांना वाटलं आरटीओचा नवा माणूस आहे.

“तुझं मागचं अठरा सालचं आहे रे,” भाऊ वर न बघता म्हणाले. “चाळिसावा आठवडा. पुढचं त्याहून जुनं. माहीत होतं तुला?”

“नव्हतं,” मी म्हटलं. “आणि तुमचं?”

शेजारी त्यांची अ‍ॅक्टिव्हा उभी होती. मागचा टायर गोटा झालेला, इतका की त्यात माझी सावली दिसावी. तीन पावसाळे ते याच टायरवर रोज स्टेशनला आले आहेत. भाऊंनी भिंग पुसलं, वाकून बघितलं, बॅटरी जवळ नेली, दुसऱ्या बाजूने बघितलं.

“त्याच्यावरची तारीख कुठे घासून गेलीय कळत नाही,” ते म्हणाले. “वाचताच येत नाही. त्यामुळे त्याला काही धोका नाही. चल, गाडी आली.”